सायगॉनच्या रस्त्यात भरलेली ओटी

मी देवीशी बोलणं टाकलं होतं. हे लिहिताना अजूनही जीव अवघडतो, कारण अंबाबाई आमची कुलदेवी. शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्येसुद्धा इतकी वर्षं मी नवरात्रात घट बसवत आले, माळा चढवत आले, सगळं रीतसर केलं. पण सायलीचं, माझ्या एकुलत्या एक लेकीचं, पोटातलं मूल लागोपाठ दोनदा गेलं आणि दुसऱ्या खेपेनंतर माझं मनच देवघरातून उठलं. पूजा थांबवली नव्हती. दिवा लावायचे, फूल वाहायचे, उदबत्ती फिरवायचे, पण तोंडातून शब्द काढायचे नाही. शेजारणीशी वाजलं की लिफ्टमध्ये समोर आल्यावर आपण नुसती मान हलवतो ना, तेवढाच आमचा संबंध उरला होता. यांच्या ते लक्षात आलं होतं, पण माझ्या असल्या भानगडीत हे पडत नाहीत.

सायली जन्मली, शिकली ती शारजातच. पुढे दुबईत नोकरी लागली, तिथे तिला तुआन भेटला. तो व्हिएतनामचा, लाकडी फर्निचरच्या धंद्यातला, स्वभावाने इतका गरीब की त्याला नाही म्हणायला आम्हाला कारणच सापडलं नाही. लग्नानंतर दोघं त्याच्या गावी, सायगॉनला राहायला गेली. तिकडेच हे दोन घाव बसले, आणि दोन्ही वेळा मी इथे बसून फोनवर रडण्यापलीकडे काही करू शकले नाही. पहिल्या वेळी मी नवस बोलले होते. दुसऱ्या वेळी मंगळवार धरले होते. तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मात्र मी गप्प राहिले. मागून काय मिळतं ते दोनदा बघून झालं होतं.

तरी ओटीची तयारी मी केली. सातवा लागला की जाऊन तिचं डोहाळजेवण करायचं, म्हणून व्हिसा काढून ठेवला होता. रोल्लाच्या बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या आणल्या होत्या. ते काही देवीसाठी नव्हतं, माझ्या लेकीसाठी होतं, असं मी स्वतःला बजावत असे. सातवा लागला न लागला तोच एका सकाळी, कुकरची शिट्टी व्हायच्या आत, तुआनचा फोन आला. नेहमी हळू, जपून बोलणारा मुलगा, त्याचा आवाज फाटला होता. सायलीला पाणी जायला लागलं होतं, हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, डॉक्टर बाळाला आत थोपवून धरायचा प्रयत्न करत होते. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आई, यू कम. प्लीज."

यांचा व्हिसा नेमका रिन्यूअलला टाकलेला, ते देश सोडू शकत नव्हते. म्हणजे मी एकटी. आजवर मी एकटीने फक्त मुंबईचं विमान पकडलेलं, आणि तेही उतरल्यावर भाऊ दारात उभा असायचा म्हणून. यांनी तिकीट काढलं. दिरहमचा आकडा दिसल्यावर सवयीने मोठ्याने रुपयांत गुणायला लागले आणि मधेच थांबले. मग माझ्या बॅगेत नारळ बघून म्हणाले, "अगं, नारळाच्या देशात नारळ कुठे घेऊन चाललीस?" मी म्हटलं, "ओटीचा आहे. घरचाच पाहिजे." त्यांनी तो नारळ पुन्हा टॉवेलमध्ये नीट गुंडाळून दिला.

एअरपोर्टला नेणारा टॅक्सीवाला पठाण होता, दाढी पांढरी झालेला. आरशातून मला डोळे पुसताना बघून त्याने विचारलं, "बहनजी, सब खैरियत?" मी सांगितलं, बेटी हॉस्पिटलमध्ये आहे, लांब आहे. तो म्हणाला, "अल्ला के हवाले कर दो बहनजी. इन्शाल्ला खैर होगी." त्याने ते मनापासून म्हटलं होतं. पण मला त्याचाही राग आला. सगळे आपले कुणाच्या तरी हवाली करून मोकळे होतात, निस्तरायला मी. असा माझा त्या दिवशीचा स्वभाव होता.

विमानात मला झोप लागली नाही, जागही धड नव्हती. खाली ढग, ढगांवर ऊन, आणि डोळे मिटले की सायलीचा लहानपणचा चेहरा. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि हवेनेच मला धरलं. आमच्या शारजातही घाम फुटतो, पण तिथली हवा भट्टीसारखी कोरडी असते नाहीतर समुद्राच्या बाजूने चिकट होते. ही हवा ओली होती आणि तिला वास होता. पिकलेल्या फळांचा, पेट्रोलचा, उदबत्तीचा, कुठेतरी तळणाऱ्या लसणाचा. तुआनने पाठवलेला ड्रायव्हर माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. एअरपोर्टच्या वायफायवर फोन जागा झाला आणि तुआनचा निरोप दिसला: डॉक्टर आता थांबू शकत नाहीत, बाळाला आजच बाहेर काढणार, तुम्ही थेट हॉस्पिटलच्या गेटवर या. गाडी निघाली आणि वायफाय गेलं. माझ्या शारजाच्या सिमकार्डाला त्या देशात कुणी ओळखेना. त्यानंतर पलीकडे काय चाललंय ते मला कळायला काही मार्ग नव्हता.

मग ते शहर सुरू झालं. मी खिडकीला डोकं टेकवून बघत होते, आणि खरं सांगते, मला वाटलं की हे सगळं मला पडलेलं स्वप्न आहे. स्कूटर आणि स्कूटर. इतक्या की रस्ता दिसत नव्हता. एका स्कूटरवर नवरा, बायको, मधे दोन मुलं आणि पुढे पाय ठेवायच्या जागी कुत्रा ऐटीत बसलेला. एकाच्या मागे पाण्याने भरलेल्या पिशव्यांचे घोसचे घोस लटकलेले आणि प्रत्येक पिशवीत एकेक रंगीत मासा. एका माणसाने पाठीमागे भलीमोठी काच बांधली होती. ती आमच्या गाडीच्या शेजारून सरकत गेली तेव्हा तिच्यात आभाळ दिसलं, मग विजेच्या तारांची गुंतवळ दिसली आणि मग माझा स्वतःचा चेहरा, केस विस्कटलेला, वय झालेला. काच पुढे गेली, चेहराही गेला. हॉर्न सारखे वाजत होते, पण कुणी चिडून वाजवत नव्हतं, मी इकडून येतोय बरं का, असं नुसतं सांगत होते. दुकानांच्या दारात जमिनीवरच लाल रंगाची छोटी देवघरं मांडलेली, आत एक हसरा, पोट सुटलेला म्हातारा देव, त्याच्यापुढे केळी, काळ्या कॉफीचा कप, आणि एका ठिकाणी तर पेटवलेली सिगरेट ठेवलेली. देव जमिनीवर आणि पुढ्यात सिगरेट. एरवी मी ही गोष्ट भिशीत महिनाभर सांगितली असती. त्या दुपारी मला वाटलं, निदान यांचा देव कॉफी पिऊन तरी जागा राहत असेल.

हॉस्पिटल आलं, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. मधे दुभाजक नव्हता, तरी त्या बाजूला गाडी वळवायची तर फार लांबून यावं लागेल, असं ड्रायव्हरने खुणांनी सांगितलं. घड्याळ दाखवलं, पुढे तुंबलेली गाड्यांची रांग दाखवली. माझी बॅग उतरवली, समोरच्या पांढऱ्या इमारतीकडे बोट केलं, वाकून नमस्कार केला आणि गेला. मी म्हटलं, बरं झालं, रस्ता तर ओलांडायचा आहे.

आता हे ज्यांनी आखाती देशात वर्षं काढली आहेत त्यांनाच कळेल. आमच्याकडे सिग्नलशिवाय रस्ता ओलांडला तर दंड होतो. झेब्रावर पाय ठेवला की केवढीही धिप्पाड गाडी असो, कचकन थांबते. अठ्ठावीस वर्षांत ते अंगात इतकं मुरतं की समोर रस्ता मोकळा पडलेला असला तरी आपण हिरवा माणूस दिसेपर्यंत शहाण्यासारखे उभे राहतो. खरं तर माझं माहेर पुण्याचं. कॉलेजला असताना मी सायकल कुठूनही कुठे घुसवायचे. ती मुलगी कधीच वारली होती. मी झेब्रा शोधला, तो होता. त्यावर पाय ठेवला, आता थांबतील म्हणून वाट पाहिली. कुणी थांबलं नाही. स्कूटरी माझ्या पायाच्या बोटांना वारा घालत निघून गेल्या. मी उडी मारून मागे आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. सिग्नलचा खांब होता, त्यावर दिवा नव्हता. हात वर केला, तर एका मुलीने स्कूटरवरूनच हसून मला हात केला.

समोर ती इमारत दिसत होती. तिच्या कुठल्यातरी मजल्यावर माझ्या सायलीचं पोट उघडत होते, किंवा उघडून झालं होतं, आणि ते बाळ जगत होतं किंवा नव्हतं. आणि मी, एवढ्या लांबून येऊन, एका रस्त्यापाशी अडकले होते. मला रडू फुटलं. रागाचं रडू. सगळं मीच करायचं, मीच धावायचं, आणि शेवटी हाताला काय, तर हा फुटपाथ. बॅगेवर बसून मी चारचौघात हमसून हमसून रडले. कुणी बघत असेल याची लाज वाटण्याइतकंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं. हात नव्हे, मनगट, लहान पोराचं धरतात तसं. वर पाहिलं तर एक बाई. डोक्यावर वेताची टोकदार टोपी, तोंडावर कापडी मास्क, अंगात फुलाफुलांचा सुती सदरा-पायजमा, आपल्याकडे बायका गाऊनवरच भाजी आणायला उतरतात तसा घरगुती अवतार. खांद्यावरची फळांची कावड तिने भिंतीशी टेकवून ठेवली होती. मास्कमुळे मला तिचे फक्त डोळे दिसले. ते डोळे हसत होते असं म्हणता येणार नाही, पण त्यांना घाई नव्हती. मी पलीकडे बोट दाखवलं. "माझी मुलगी," मी म्हटलं, मराठीतच, दुसरं काही सुचेचना. तिने माझी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि सरळ रस्त्यात उतरली.

दोन पावलं गेलो नाही तोच मी थबकले. तिने मनगट दाबलं. मग मी पळायला बघितलं, तर तिने आणखी घट्ट दाबलं आणि बॅग धरलेला हात जरासा खाली-वर केला, हळू, हळू. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही, हे मला तिच्या पकडीतूनच कळलं. आम्ही चालत राहिलो, देवळात गाभाऱ्याकडे जातो तशा चालीने. आणि ती गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. कुणी आमच्यासाठी थांबत नव्हतं, पण कुणी आम्हाला लागतही नव्हतं. ती सगळी माणसं आम्हाला लांबूनच बघत होती आणि आमच्या चालीचा अंदाज घेऊन आपापली चाकं जराशी वळवत होती. मी दचकले असते तर त्यांचा अंदाज चुकला असता. रस्त्याच्या ऐन मध्यावर, समोरून लोंढा येत असताना, मी डोळे मिटले. आणि माझ्या तोंडून, इतक्या महिन्यांनी, आपोआप आलं, "आई, मला नाही जमत. तूच ने आता." सायलीला वाचव असंही म्हणाले नाही, बाळ दे असंही नाही. एवढंच आलं. हॉर्न वाजत होते ते कानाला लांबून आल्यासारखे वाटत होते, चेहऱ्याला गरम वारा लागत होता, मनगटावर तो खरखरीत हात होता, आणि मला त्या क्षणी कसलीही भीती वाटत नव्हती. मुलगी गरोदर असल्याचं कळल्यापासूनच्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

पायाला फुटपाथची कड लागली तेव्हा डोळे उघडले. समोर हॉस्पिटलचं गेट होतं. तिने बॅग खाली ठेवली आणि मनगट सोडलं. तिला काय द्यायचं? पैसे काढायला माझा हात पर्सकडे गेलाच नाही. मी तिथेच बॅगेची चेन उघडली, टॉवेलमधून नारळ काढला, खण काढला, तांदळाची पुरचुंडी सोडली. सायलीची ओटी होती ती, इतक्या जपून आणलेली. तरी माझा हात अडला नाही. हळदीकुंकवाची पुडी उघडली तसं तिने काय समजून कोण जाणे टोपी मागे सारली आणि कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. नारळ आणि खण हातात घेऊन मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने सदऱ्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर पसरला. आपल्याकडची सवाष्ण पदर पसरते तसाच. ती सवाष्ण होती का, लेकुरवाळी होती का, मला काय माहीत. एरवी मी अशा गोष्टींना किती जपते. त्या रस्त्यावर मी तिची ओटी भरली, तीन ओंजळी तांदूळ घातले आणि वाकून नमस्कार केला.

उठले तर तिने ओटीतले चिमूटभर तांदूळ माझ्या तळहातावर ठेवले. ओटी भरली की त्यातलं थोडं प्रसाद म्हणून भरणारीला परत देतात आपल्याकडे. तिला ते कुणी सांगितलं असेल, असं मला नंतर वाटलं. कदाचित तिच्याकडेही तसंच करत असतील, किंवा तिला वाटलं असेल की माझ्यासाठीही थोडे उरावेत. मग तिने तो सगळा ऐवज सदऱ्यातच नीट धरला, आणि आली तशी, त्याच संथ चालीने, एकटी रस्त्यात उतरली. स्कूटरींच्या पलीकडे टोपी दिसली, मग दिसेनाशी झाली. ते तांदूळ मी मुठीत धरून आत पळाले आणि त्या गडबडीत कुठे सांडले ते मला कळलंसुद्धा नाही.

तुआन वरच्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये उभा होता. शेजारी त्याची आई, आमच्या विहीणबाई, हातात जेवणाचा डबा धरून. मला बघितल्यावर तो लहान मुलासारखा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मुलगी झाली होती. जिवंत होती. हाताच्या पंजाहून फार मोठी नव्हती म्हणा ना. काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी, छातीला तारा चिकटवलेल्या. डॉक्टर म्हणाले होते की काही सांगता येत नाही, एकेक दिवस बघायचा. सायलीला शुद्ध आली तेव्हा तिने माझा हात धरून पहिलं विचारलं, "आई, इज शी ब्रीदिंग?" मी हो म्हटलं. "प्रॉमिस?" ती म्हणाली. मी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले, कारण प्रॉमिस करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

त्या रस्त्यावर मला सगळं कळलं आणि मी बदलून गेले, असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा पहिल्यासारखी. नर्सने हात धुतले का, पेटीचं तापमान कोण बघतंय, विहीणबाईंनी सायलीच्या पेजेत काय घातलंय, सगळीकडे माझं नाक. विहीणबाई मला समजत नव्हत्या, मी त्यांना समजत नव्हते. आम्ही दोघी एका बाकावर दोन टोकांना बसायचो आणि आळीपाळीने काचेतून बघायचो. मात्र एक फरक पडला होता. संध्याकाळी मी डोळे मिटून बसले की देवीशी बोलायचे. बहुतेक वेळा भांडायचेच. पण बोलायचे.

बाळ हळूहळू जीव धरू लागलं. नाकातली नळी निघाली तो दिवस आम्ही सगळ्यांनी कॉफी पिऊन साजरा केला, विहीणबाईंनी कधी नव्हे ते माझी पाठ थोपटली. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता पेटीपेक्षा हिला माणसाच्या अंगाची ऊब हवी. दिवसातले बरेच तास कुणीतरी तिला उघड्या छातीशी बांधून घेऊन पडून राहायचं. तो मान सायलीचा, पण तिच्या टाक्यांत पू झाला होता, अंगात ताप होता. तुआन रात्री हॉस्पिटलात जागून जागून खोकत होता. विहीणबाई पुढे झाल्या, कपडे बदलायला निघाल्यासुद्धा, तर नर्सने त्यांना शिंकताना पाहिलं आणि थांबवलं. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. राहिले मी.

मला एका कलत्या खुर्चीत बसवलं. नर्सने ती पोर माझ्या छातीवर पालथी ठेवली, पाय बेडकासारखे दुमडले, डोकं एका अंगाला वळवलं आणि एका लवचीक कापडाने आम्हा दोघींना एकत्र बांधून टाकलं. तिचं वजन मला जाणवलंच नाही, नुसती ऊब जाणवली. नर्स काहीतरी सांगत होती, तुआन काचेपलीकडून फोनवर मला इंग्रजीत समजावत होता. ही अजून मधूनमधून श्वास घ्यायला विसरते. तुमची छाती वर-खाली होते ती तिला कळते, त्या तालावर ती श्वास घेते. म्हणून तुम्ही घाबरायचं नाही. हलायचं नाही. शांत पडून राहायचं. मी विचारलं, "आणि काय करायचं?" तो म्हणाला, "नथिंग, आई. जस्ट स्टे." जन्मात मला कुणी हे काम दिलं नव्हतं.

पहिला बराच वेळ ठीक गेला. काचेपलीकडे सायली व्हीलचेअरवर बसली होती, शेजारी विहीणबाई. आणि मग एकाएकी मला छातीवर काहीच कळेना. ती इवलीशी धुगधुग थांबली होती. यंत्र वाजायला लागलं. नर्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, ती वळली आणि निघाली. सायली उठून उभी राहिलेली मी पाहिली. माझ्या अंगातलं सगळं रक्त म्हणत होतं, ऊठ, ओरड, हलव तिला. आणि मला सांगितलं होतं, हलायचं नाही. एक हात तेवढा मोकळा होता. तो मी तिच्या पाठीवर हलकेच ठेवला, बोटांनी चोळला. डोळे मिटले. देवीला काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं, पोर तिचीच होती, मी तिचीच होते. मी एक मोठा श्वास घेतला आणि हळू सोडला. दुसरा घेतला, सोडला. तिसऱ्याला माझ्या छातीवर काहीतरी कणभर हललं. मग पुन्हा हललं. नर्स येऊन पोचली तेव्हा यंत्र आपोआप गप्प झालं होतं. तिने बाळाच्या तळपायाला बोट लावून पाहिलं आणि मान हलवली, ठीक आहे म्हणून. काचेपलीकडे सायली विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडत होती. मला जागचं हलता येत नव्हतं, म्हणून मी तशीच पडून रडले, श्वास न बिघडवता.

त्यानंतर रोज मी तिथे पडून राहिले. ताप उतरल्यावर सायलीने तिला घेतलं, मग विहीणबाईंनी, आणि एक दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून त्या दोघींना नुसती बघत राहिले. माझ्यावाचून चाललं होतं, आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

भिशीतल्या बायका मला अजून विचारतात, ती रस्त्यातली बाई कोण गं? कुणी म्हणतं साक्षात अंबाबाई. मी वाद घालत नाही. ती फळं विकायला निघालेली बाई असेल, तिला तिची घाई असेल, आणि तरी ती थांबली. देवीने यावं तर आणखी कसं यावं, मला सुचत नाही. मी तिचे उपकार मानते, त्या नर्सचे मानते, ज्याच्यावर उगाच चिडले त्या पठाणाचेही मानते. सगळ्यांच्या नावाने आता बोलते देवघरात, मोकळेपणाने. मागणं मात्र जवळजवळ बंद झालंय. सवय गेली म्हणा.

नात या ईदच्या सुट्टीत शारजाला आली आहे. आजोबांच्या चष्म्याच्या मागे लागते, सगळीकडे रांगते, दुपारी झोपायला मात्र तिला माझीच छाती लागते. पालथी पडते, डोकं एका अंगाला वळवते आणि तोंड उघडं टाकून झोपून जाते. आता चांगली जड झाली आहे. माझा खांदा भरून येतो, हाताला मुंग्या येतात, हे दारातून खुणेने विचारतात, घेऊ का? मी मानेनेच नको म्हणते आणि तशीच पडून राहते.